आमची नर्सआजी



मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले आणि एकीनं सहज विचारलं, "आपल्यापैकी कुणाकुणाच्या घरात नर्सआजीच्या हातावर जन्मलेलं माणूस आहे?" आम्ही बारा जणी. बहुतेक सगळ्या या गावच्या सुना, त्यामुळं आमचे स्वतःचे जन्म दुसऱ्या गावचे. पण कुणाचा नवरा, कुणाचा दीर, कुणाची नणंद, कुणाचं थोरलं पोर, असं बोटांवर मोजत गेलो तर एकोणीस माणसं निघाली. एवढ्या एका खोलीतल्या घरांची ही मोजणी. सगळ्या गावाची केली असती तर वही पुरली नसती.

नर्सआजी गेली त्याला आता वर्ष होईल. आमच्यातली एक तिची सख्खी नात, लेकीची लेक, तिच्याजवळच वाढलेली. बाकीच्या आम्ही मानलेल्या नाती. आज या कार्यक्रमात आम्ही सगळ्या मिळून तिची गोष्ट सांगणार आहोत. सरपंचांचा फोटो ग्रामपंचायतीत लागतो, गुरुजींचं नाव शाळेच्या पाटीवर येतं. दारोदार फिरलेल्या नर्सबाईचं नाव फक्त माणसांच्या आठवणीत राहतं, आणि ते तिथंच पुसलं जाऊ नये असं आम्हाला वाटतं.

आजीच्या आधीही बायांनी हे काम केलंय. सावित्रीबाई फुले आपल्याला शाळेमुळं माहीत आहेत. पण 1897 साली पुण्यात प्लेगची साथ आली तेव्हा त्या रोग्यांची सेवा करत होत्या, आणि त्यातच प्लेग होऊन 10 मार्चला गेल्या. रमाबाई रानडे यांनी 1909 साली पुण्यात सेवासदन सुरू केलं, तिथून विधवा आणि गरजू बायकांना नर्सचं शिक्षण मिळू लागलं. तरी खेड्यात नर्स दिसायची नाही. 1946 साली भोर समितीनं देशाच्या आरोग्याचा मोठा अहवाल दिला. त्यात हिशेब होता की 43 हजार माणसांमागे एक नर्स आहे. आणि होत्या त्यातल्या बहुतेक शहरांतल्या दवाखान्यात. स्वातंत्र्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रं निघाली, त्यांच्याखाली उपकेंद्रं निघाली, आणि उपकेंद्रावर एक बाई नेमायची ठरलं. कागदावर तिचं नाव सहाय्यक परिचारिका प्रसाविका. गावानं तिला एकच नाव दिलं, नर्सबाई.

आमची आजी त्या पहिल्या फळीतली. जन्म 1938 चा, साताऱ्याच्या माण भागातल्या एका वाडीवरचा. सातवी पास झाली, पंधराव्या वर्षी लग्न झालं. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला तेव्हा मांडीवर वर्षाची लेक होती. सासरी दोन वर्षं तिनं शेण-पाणी केलं. मग तिच्या थोरल्या भावानं कुणाकडून तरी ऐकलं की सरकार बायकांना नर्सचं शिक्षण देतंय आणि वर महिन्याला पैसेही देतंय. भावकीत गलका झाला. परक्या बाप्यांच्या अंगाला हात लावणार, रात्री-बेरात्री फिरणार, घराण्याची अब्रू जाणार. भाऊ म्हणाला, "तिच्या पोरीला तुम्ही जेवू घालणार असाल तर ती जात न्हाय." कुणी पुढं आलं नाही. आजी गेली.

प्रशिक्षणाबद्दल ती एक गोष्ट नेहमी सांगायची. "गावात माझ्या मोकळ्या हाताकडं आन् मोकळ्या कपाळाकडं सगळी बघायची. दवाखान्यात सगळ्याच नर्सांचे हात मोकळे. कामावर बांगड्या घालायच्याच न्हाईत. तिथं पहिल्यांदा मी कुणाची विधवा नव्हते. मी कामाची बाई होते."

1 मे 1962 ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्याच सुमाराला आजीला नेमणूक मिळाली. सगळी नोकरी आमच्याच तालुक्यात झाली. आमच्या गावच्या उपकेंद्रावर ती 1972 साली आली आणि 1996 साली इथूनच निवृत्त झाली.

1972 म्हणजे काय, हे माणदेशात कुणाला सांगायला लागत नाही. पाऊस नव्हता, विहिरी कोरड्या, जनावरं बाजारात मातीमोल. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. खायला लाल मिलो आणि पोरांना सुकडी. आजी रोज त्या कामावर जायची. ओल्या बाळंतिणी उन्हात खडी फोडायच्या आणि बाळ दगडाच्या सावलीला ठेवायच्या. आजीनं मुकादमाशी भांडून बाभळीखाली एक पाल बांधून घेतलं. त्यात बाळं ठेवायची आणि आयांना मधून मधून पाजायला सोडायचं. मुकादम म्हणाला, "बाई, तुम्ही दवापाण्याचं बघा." आजी म्हणाली, "हेच माझं दवापाणी हाय."

त्या काळात बाळंतपण घरीच व्हायचं आणि ते करायची सुईण. आमच्या गावची सुईण मातंग वस्तीतली, आजीपेक्षा वीस वर्षांनी मोठी. तिच्या हाताला कसब होतं. अंधारात नुसत्या हातानं बाळ आडवं आहे का उभं ते सांगायची. पण नाळ कापायला हाताला येईल तो विळा, आणि वर राख नाहीतर शेण. मग आठव्या दिवशी बाळ ताठ व्हायचं, तोंड उघडायचं नाही, दूध ओढायचं नाही. लोक म्हणायचे बाहेरचं झालं. ते बाहेरचं काही नव्हतं, तो धनुर्वात होता.

दुसऱ्या एखाद्या नर्सनं सुईणीला हाकलून दिलं असतं. आजी पहिल्याच आठवड्यात तिच्या घरी गेली, तिच्या चुलीपुढं बसून चहा प्यायली आणि म्हणाली, "मावशी, तुमच्या हाताची कला मला शिकवा. माझ्याकडं एक गोष्ट हाय, ती मी तुम्हाला देते." मग पातेल्यात पाणी उकळून त्यात दोरा आणि ब्लेड कसं टाकायचं ते दाखवलं. पुढं सरकारनं सुईणींना प्रशिक्षण सुरू केलं तेव्हा त्यात पाच स्वच्छता शिकवायचे: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड स्वच्छ, दोरा स्वच्छ, आणि नाळेला वरून काही लावायचं नाही. आमच्या सुईणीला त्या आधीच तोंडपाठ होत्या. ज्या घरात सुईणीला बाळंतपणाला बोलवत, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत, तिथं आजी मुद्दाम तिच्या शेजारी ओसरीवर बसून चहा घ्यायची. त्यावर ती कधी भाषण करायची नाही. बायांना दोरा आणि ब्लेड उकळायची सवय लागली, आयांना गरोदरपणात धनुर्वाताची सुई मिळू लागली. 2015 साली आपल्या देशातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात हटवल्याचं जाहीर झालं, ते बातम्यात ऐकून आजी सुईणीचं नाव घेऊन रडली होती.

देवीच्या रोगाचंही तसंच. अंगावर देवी आल्या की कडुलिंबाचा पाला, परडी, नैवेद्य. आजी त्या देवीला कधी हसली नाही. ती म्हणायची, "पाला ठेवा, निवद दाखवा, पण बाकीच्या पोरांचे दंड मला द्या." जुनी फिरवायची सुई जाऊन दोन टोकांची सुई आली होती, तिनं पंधरा वेळा टोचायचं. शेवटी शेवटी देवीचा रोगी कळवणाऱ्याला हजार रुपये बक्षीस लागलं. 1975 च्या मे महिन्यात आसाममध्ये देशातला शेवटचा रोगी सापडला आणि 1977 साली भारत देवीमुक्त झाला. आमच्या सासवांच्या दंडावर तो गोल व्रण आहे. आमच्या दंडावर नाही.

इथवरची गोष्ट सांगायला सोपी आहे. आता जी सांगणार आहोत ती आजीनं आम्हाला स्वतः सांगितली, आणि सांगा म्हणाली म्हणून सांगतो.

जून 1975 मध्ये आणीबाणी आली. पुढच्या वर्षी कुटुंबनियोजनाची सक्ती सुरू झाली. 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांच्या वर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या बहुतेक पुरुषांच्या. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. पण खाली गावात कायद्याची वाट कोण बघतो? मास्तर, ग्रामसेवक, तलाठी, नर्स, प्रत्येकाला केसेसचा आकडा. आकडा भरला नाही तर पगार नाही.

आजीचा दोन महिने पगार थांबला. लेक तालुक्याला शिकायला होती, तिच्या खोलीचं भाडं द्यायचं होतं. महिनाअखेर शिबिर होतं आणि आजीला एक केस कमी पडत होती. गावात एक शेतमजूर होता, दोन पोरं, धाकटा दीड वर्षाचा. आजी त्याच्या दारात गेली. शिबिरात पैसे मिळतात, त्रास होत नाही, दोन पोरं पुरे आहेत, सगळं सांगितलं. ते सगळं खरंच होतं. तो म्हणाला, "बाई, तुम्ही म्हणताय तर येतो. पण पुढं-मागं काय झालं तर परत मोकळं करता येतंय का?"

आजी म्हणायची, "त्या वक्ताला मी गप बसले. न्हाय म्हणले असते तर तो आला नसता. व्हय म्हणाले न्हाय, खोटं बोलले न्हाय. नुसती गप बसले. त्यानं माझं गप बसणं व्हय म्हणून धरलं."

शिबिर झालं. पगार आला. गावाची दारं मात्र बंद झाली. आजी गल्लीत शिरली की बाया पोरं उचलून घरात न्यायच्या. लसीची सुई टोचली की पोरं नापीक होतात, असं लोक बोलू लागले. बाप्ये तर तिला बघून वाट बदलायचे. बाळंतपणाला बोलावणं बंद. सुईण एकटी जायची आणि रात्री चोरून आजीला येऊन विचारायची.

1978 च्या उन्हाळ्यात त्या मजुराच्या थोरल्या पोराला हगवण लागली. सात वर्षांचं पोर. दोन दिवस त्यांनी आजीला कळवलं नाही. हगवण वाढेल म्हणून पाणीसुद्धा बंद केलं, तशी तेव्हा समजूतच होती. सुईणीला कळलं आणि ती पळत आली. आजी पोचली तेव्हा पोराचे डोळे आत गेले होते. बैलगाडी जुंपेपर्यंत ते गेलं.

आजीच्या पिशवीत साखर होती, मीठ होतं. दोन दिवस आधी बोलावलं असतं तर नुसत्या पाण्यावर पोर वाचलं असतं, असं ती शेवटपर्यंत म्हणायची. "हगवणीनं गेलं असं रजिस्टरला लिहिलं. पण ते माझ्या गप बसण्यानं गेलं."

त्यानंतर ती दर सोमवारी त्या घरी जायला लागली. पोराची आई चुलीपाशी असायची, वर बघायची नाही. आजी उंबऱ्याच्या बाहेर बसायची, धाकट्या पोराला लांबून बघायची आणि उठायची. त्या माउलीनं तिला पाणी विचारलं नाही. आपल्याकडं दारात आलेल्या वैऱ्यालाही पाणी विचारतात. आजीला कुणी विचारलं नाही, आणि तिनं मागितलं नाही. एक वर्ष गेलं, दोन गेली. मधल्या काळात तिनं घराघरात एकच गोष्ट शिकवली. उकळून गार केलेलं लिटरभर पाणी, त्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चव डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागायला नको. चमच्या-चमच्यानं पाजत राहायचं. आईचं दूध बंद करायचं नाही.

1981 च्या पावसाळ्यात एका रात्री उपकेंद्राचं दार वाजलं. पोराची आई दारात उभी होती. जावेच्या तान्ह्या पोरीला हगवण लागली होती. ती एवढंच म्हणाली, "बाई, चला." आजी रात्रभर त्या पोरीला चमच्यानं पाणी पाजत बसली. पहाटे पोर लघवीला झालं. आजी उठायला लागली तेव्हा त्या माउलीनं तांब्या भरून आणला आणि तिच्या पुढं ठेवला. दोघीही बोलल्या नाहीत. आजी ते पाणी प्यायली.

ती पोरगी आज आमच्या गावची नणंद आहे, दिवाळीला माहेरी येते.

आजीनं पुढं पंधरा वर्षं नोकरी केली. 1985 ला लसीकरणाचा मोठा कार्यक्रम आला, बर्फाच्या डब्यातून लस येऊ लागली. मेंढरं घेऊन लांब जाणारी धनगर कुटुंबं निघायच्या आधी ती वाड्यावर जाऊन पोरांचे डोस पुरे करायची. पल्स पोलिओची पहिली फेरी डिसेंबर 1995 ची, ती आजीच्या नोकरीतली शेवटची मोठी मोहीम. 2014 साली देश पोलिओमुक्त झाल्याची बातमी आली तेव्हा तिनं नातवंडांना पेढे आणायला लावले.

पण केसचा आकडा तिनं पुन्हा कधी असा भरला नाही. प्रत्येक जोडप्याला ती आधी सांगायची, "हे परत मोकळं होईल असं धरून चालू नका. रात्रभर विचार करा, सकाळी या." त्यापायी तिला कितीतरी वेळा बोलणी बसली. आणि एक गोष्ट तिला फार लागायची. आणीबाणीनंतर बाप्ये घाबरले आणि नसबंदीचा सगळा भार बायकांवर आला. आजही आपल्या गावात ऑपरेशन म्हटलं की बाईचंच. "चूक झाली सरकारची आन् माझी," ती म्हणायची, "पोट फाडून घेत्यात बायका."

आता आजीनं ही गोष्ट आम्हाला कधी सांगितली ते ऐका. चार वर्षांपूर्वी आमच्या गटातल्या एकीचे कर्जाचे तीन हप्ते थकले. नवऱ्याचा अपघात झाला होता. पण आमच्याही डोक्यावर वसुलीचा आकडा होता. शंभर टक्के परतफेड दाखवली तरच गटाला पुढचं मोठं कर्ज मिळणार होतं. आम्ही दहा जणी मिळून तिच्या दारात जाऊन बसलो. बोललो काही नाही, नुसत्या बसलो. आख्खी गल्ली बघत होती. ती संध्याकाळपर्यंत घरात कोंडून राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं गळ्यातली डोरली गहाण टाकून हप्ते भरले आणि गट सोडला.

आजीनं ओट्यावरून हे सगळं बघितलं होतं. रात्री तिनं आम्हाला बोलावलं आणि शेतमजुराची गोष्ट सांगितली. शेवटी म्हणाली, "आकडा भरला तुमचा. माझाबी भरला हुता. आता तिच्या दारात कोण जाणार ते ठरवा, आन् पाणी मिळंल असं धरून जाऊ नका."

आम्ही गेलो. सगळ्या एकदम नाही, आळीपाळीनं दोघी-दोघी. पहिले चार महिने तिनं दार अर्धं लावून घेतलं. आम्ही गटात ठराव केला की घरात आजारपण किंवा मरण आलं तर तीन महिने हप्ता मागायचा नाही, व्याज चढवायचं नाही, आणि कुणाच्याही दारात जमावानं जायचं नाही. तिची डोरली गटाच्या पैशातून सोडवली. दहा महिन्यांनी ती परत आली. परवाच्या बैठकीत एकोणीस माणसं मोजणारी तीच.

आजी शेवटच्या आजारात पलंगावर होती तेव्हा आशाताई रोज येऊन रक्तदाब बघायची. आशा आपल्याकडं 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. आजी तिला रोज विचारायची, "आज किती दारात गेलीस?" आशा किती फॉर्म भरले ते सांगायची. आजी म्हणायची, "फॉर्म न्हाय गं, दारं सांग."

1971 च्या सुमाराला महाराष्ट्रात जन्मलेल्या हजार बाळांमागे शंभराच्या आसपास बाळं वर्षाच्या आत जायची. 2020 साली हा आकडा 16 वर आला. हे डॉक्टरांनी केलं, लसीनं केलं, रस्त्यांनी आणि गाड्यांनी केलं. आणि पिशवी खांद्याला लावून ओढे ओलांडणाऱ्या नर्सबायांनी केलं, ज्यांना लोकांनी दारातून आत घेतलं.

मैत्रिणींनो, तुमच्याही गावात एखादी निवृत्त नर्सबाई असेल, एखादी म्हातारी सुईण असेल. पुढच्या बैठकीत तिला बोलवा. तिच्या हातावर जन्मलेली माणसं मोजा आणि गटाच्या वहीत तिचं नाव लिहून ठेवा. तिला जमेल तेवढं बोलू द्या. चुकांचं बोलली तर तेही लिहून घ्या, कारण आमच्या कामी आजीच्या पदकांपेक्षा तिची चूकच जास्त आली.

आणि ती आली की आधी पाणी द्या.